बारा चाळीसचं जेवण

माझे बाबा एकतीस वर्षं शहराची बस चालवत होते. दुपारी बारा चाळीसला त्यांची गाडी शेवटच्या थांब्यावर लागायची आणि बारा बावन्नला परत निघायची. डबा खायचा तो तेवढ्यात. दोन-तीन मिनिटं उशीर झाला तरी डबा उघडायचा नाही, कारण घाईघाईत गिळून स्टिअरिंगवर बसणं त्यांना मंजूर नव्हतं. निवृत्तीनंतरही घरात तोच कायदा. आई होती तोवर तिनं या कायद्यापुढे हात टेकले होते.

मग त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली, पण ते घड्याळ मात्र डोक्यात शाबूत. काय बोलावं आता! वॉर्डात जेवण येतं साडेअकराला. सिस्टर चमचा तोंडाशी नेई आणि बाबा ओठ घट्ट मिटून छताकडे बघत. संध्याकाळी माझ्या हातून चार घास जात, पण तेवढ्यावर माणूस किती दिवस तग धरणार? डॉक्टर म्हणाले, "शुक्रवारपर्यंत दुपारचं जेवण पोटात गेलं नाही, तर नाकातून नळी घालावी लागेल."

मी त्यांना बारा चाळीसचं सांगितलं. ते भले माणूस, हसले नाहीत. "त्या वेळी सिस्टरांची औषधांची फेरी असते. ताट झाकून ठेवायला सांगतो. तुम्ही येऊन भरवा."

मी चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासते. जेवणाची सुटी सव्वाबारा ते सव्वा. हॉस्पिटल चार किलोमीटरवर. म्हटलं, हा तर हातचा मळ.

सोमवारी गाडी काढली. गाडी लावायला जागा मिळेपर्यंत बारा त्रेपन्न. बाबांचं तोंड बंद. मंगळवारी टॅक्सी केली. टॅक्सीवाल्यानं तीन सिग्नलांवर मला त्याच्या गुडघ्याची सगळी कहाणी ऐकवली. पोचले तेव्हा बारा एकोणपन्नास झाले होते. मी चमचा घेऊन विनवण्या केल्या, मग चिडले, मग जिन्यात जाऊन रडले. ते हट्टी होते म्हणून नाही. त्या नाकात नळी मला बघवणार नव्हती.

रात्री भाचीला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मावशी, माझी सायकल ने. वीस मिनिटं लागतील. रोज तेवढीच, रस्ता तुंबलेला असो नाहीतर मोकळा."

"वेडी की काय तू? माझं वय बघ."

"वय राहू दे. सायकल येते ना?"

येत होती. पण आमच्या घरात सायकलवाला ही शिवी होती. बाबा रोज संध्याकाळी दोन-चार सायकलवाल्यांचा उद्धार करूनच बूट काढायचे.

बुधवारी जीव मुठीत धरून निघाले. प्रत्येक चौकात उतरून चालत गेले, त्यामुळे बारा चव्वेचाळीस झाले आणि बाबांचं तोंड बंदच राहिलं. तरी एक गोष्ट लक्षात आली. थांबलेल्या गाड्यांच्या लांबच लांब रांगेशेजारून मी आपली पुढे जात होते, आणि आत बसलेल्यांचे चेहरे कालच्या माझ्या चेहऱ्यासारखेच वैतागलेले होते. सायकल हॉस्पिटलच्या फाटकाशेजारीच लावता आली. परत येताना पाय भरून आले होते, पण डोकं शांत होतं. दुपारभर एकही काच बिघडली नाही.

गुरुवारी उतरले नाही. चौकात एक बस वळत होती, तिच्या अगदी कडेनं घुसले आणि बारा अडतीसला वॉर्डात. ताटावरचं झाकण काढलं. बाबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि तोंड उघडलं. वाटीभर भात, भाजी, सगळं गेलं. सिस्टर औषधांचा ट्रे तसाच धरून बघत राहिली, मग डॉक्टरांना बोलावून घेऊन आली. ते म्हणाले, "असं रोज जेवले तर नळीचं नावच नको."

मी बाबांचं तोंड पुसत होते. त्यांची नजर माझ्या हेल्मेटवर गेली.

"सायकल?" त्यांनी विचारलं.

"हो. आता द्या शिव्या."

ते बराच वेळ शब्द जुळवत होते. झटक्यानंतर एवढं लांब ते कधी बोललेच नव्हते. "वळणाऱ्या बसच्या... शेजारी जाऊ नको. आम्हाला... दिसत नाही. मागे थांब. सावकाश ये."

मी जरा रागानंच बोलले. "सावकाश आले की बारा चाळीस टळणार. मग तुम्ही तोंड मिटणार आणि हे लोक नळी घालणार. मी काय करू, सांगा."

बाबा घड्याळाकडे बघत राहिले. या माणसानं वेळेपुढे कुणासाठी बस थांबवली नव्हती. एकदा आई दोन्ही हातांत पिशव्या घेऊन मागून धावत होती, आरशात दिसत होती, तरी त्यांनी गाडी सोडली होती.

त्यांनी डावा हात माझ्या मनगटावर ठेवला.

"थांबेन," ते म्हणाले.