जबड्याएवढा उघडा रंग

मी चित्राखालचा रंग बोलतोय. चित्रकार मला अस्तर म्हणतात. चेहरा काढण्याआधी पांढऱ्या फळीवर जो पातळ हात मारतात, तो मी. नंतर माझ्यावर नाक, डोळे, कपाळ चढतं आणि मी दिसेनासा होतो. त्याबद्दल माझी कधी तक्रार नव्हती.

माझा जन्म काही थाटामाटाचा नाही. आमच्या चित्रकार बाईंनी पॅलेटवरचा उरलासुरला रंग खरवडला, टर्पेंटाइनमध्ये कालवला, फळीवर फासला आणि जुन्या बनियनच्या चिंधीनं पुसून घेतला. झालो मी हिरवट राखाडी. शेजारच्या फळीसाठी मात्र नव्या ट्यूबा पिळून खास तांबूस रंग केला होता. ती बाईंच्या वडिलांसाठी. मी आपला पडेल त्या कामाला.

वडील न्हावी. चाळीस वर्षं लोकांच्या दाढ्या करून घरी बसलेले. त्यांच्या जबड्यात गाठ निघाली होती. उजवीकडचं हाड काढावं लागेल, चेहरा पहिल्यासारखा राहणार नाही, असं डॉक्टरांनी सांगूनच ठेवलं होतं. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी. म्हणून बाईंना तो चेहरा आजच उतरवून घ्यायचा होता.

वडील गुळगुळीत दाढी करून खिडकीशी बसले. तांबूस फळी पाहून म्हणाले, "हे काय? मला लग्नाला उभं करतेस की काय?"

"बाबा, यावर चेहऱ्याला जरा तजेला येतो."

"नसलेला तजेला कशाला आणतेस गं? आणि दाढी केलेला जबडा कधी तांबूस असतो का? हिरवटच दिसतो, आतले खुंट असतात ना. ती कळकट फळी घे, ती."

सोनारानंच कान टोचले ते बरं झालं. बाईंनी तांबूस फळी बाजूला ठेवून मला स्टँडवर चढवलं.

पांढऱ्या फळीवर पहिला कुठलाही रंग काळाच वाटतो आणि हात बिचकतो. मी ना उजळ ना गडद, मधला असल्यामुळे उजेड उजेडासारखा दिसतो आणि सावली सावलीसारखी. बाईंनी कपाळ, गाल, कान भराभर काढले. गळा, कॉलर, मागची भिंतसुद्धा झाली. जबड्याकडे मात्र त्या नुसत्या बघायच्या आणि ब्रश दुसरीकडेच न्यायच्या. "ते शेवटी करते," म्हणाल्या. तेवढ्यात बाईंचा भाऊ गाडी घेऊन आला. दुपारीच दवाखान्यात दाखल व्हायचं होतं.

महिन्यानं वडील घरी आले. उजवा गाल आत गेलेला, बोलणं बोबडं. एका सकाळी बाईंनी रंग कालवला, हात उचलला आणि त्या रडायलाच लागल्या. "बाबा, आता बघून काढायला तो जबडाच नाही. मी आधी तोच काढायला हवा होता. घाबरले मी."

वडील जवळ आले. गिऱ्हाइकाची दाढी साफ झाली का बघतात तसं त्यांनी कानापासून हनुवटीपर्यंत उघड्या राहिलेल्या माझ्यावरून बोट फिरवलं.

"वेडी कुठली! झालाय की. असाच होता तो. आता हात लावशील तर बिघडवशील."

बाईंनी ब्रश धुऊन ठेवला.

हल्ली मी बैठकीच्या खोलीत भिंतीवर असतो. एखादा पाहुणा हमखास म्हणतो, "खालचं रंगवायचं राहिलंय वाटतं." वडील नुसते हसतात. झाकलं जाणं हाच माझा जन्माचा धर्म, पण आता हात जोडून सांगतो, माझ्यावर कुणी रंग चढवू नका. त्यांचा उजवा जबडा आता फक्त माझ्याकडे आहे.