धोंडुबाईंचा गोल

आकाराम सूर्यवंशींचा आवाज ऐकला नाही असा माणूस शिवाजी पेठेत सापडला नसता. पाणीपुरवठ्यातली नोकरी त्यांनी पोटासाठी केली, जीव मात्र मैदानावरच्या माइकमध्ये अडकलेला. वाघजाई तालमीची फुटबॉलची मॅच असली की निवेदनाला हेच. "पावणं, भिंतीवरनं खाली उतरा की!" असं ते एकदा गरजले की चढलेला गडी निमूट खाली यायचा. घरातही पट्टी तीच. ह्यांना चहाची तलफ आली की गल्लीच्या टोकाला कळायचं.

दोन हजार सातच्या पावसाळ्यात त्यांच्या घशात गाठ निघाली. मिरजेच्या डॉक्टरांनी ती काढली, पण तिच्याबरोबर स्वरयंत्रही काढावं लागलं. माणूस वाचला, आवाज गेला.

सून संयोगिता शिरोली एमआयडीसीतल्या एका लहान कंपनीत इंजिनिअर होती. भट्ट्यांची कंट्रोल पॅनेलं तिथं बनायची. लग्न होऊन आली तेव्हा तिला सासऱ्यांच्या बोलण्याची धास्ती वाटायची. आता त्यांच्या गप्प बसण्याची वाटायला लागली. घरात त्यांना पाटी-पेन्सिल दिली होती, पण लिहिण्याचा वेग आणि रागाचा वेग काही जुळेना. "मला काय" एवढं लिहून होईस्तोवर समोरचा माणूस दुसऱ्याच विषयावर गेलेला असायचा. शेवटी त्यांनी पाटी पलंगाखाली सरकवली आणि दिवसच्या दिवस भिंतीकडं तोंड करून पडून राहायला लागले.

त्याच सुमारास कंपनीत नमुन्याचा एक बोर्ड आला. तळहाताएवढा, पण आत संगणकासारखं पूर्ण लिनक्स चालायचं, आणि सोबत बोट लावायचा एलसीडी पडदा. साहेबांनी पॅनेलसाठी दुसरंच काही पसंत केलं आणि हा कपाटात जाणार होता. संयोगितानं घरी नेऊ का म्हणून विचारलं, तर साहेब म्हणाले, "न्या की. हितं धूळच खाणार हाय ते."

तिची कल्पना सरळ होती. पडद्यावर चित्रं काढायची: चहाचा पेला, पाण्याचा तांब्या, औषधाची बाटली. चित्रावर बोट ठेवलं की आधी भरून ठेवलेलं वाक्य स्पीकरमधून यायचं. आवाज कुणाचा, हा प्रश्न होता. पहिल्यांदा नवरा, ऋतुराज, बसला. तो बँकेत कामाला. त्यानं "मला पाणी हवे आहे" असं म्हटलं ते काउंटरवरचा टोकन नंबर पुकारल्यासारखं. आकारामांनी ते ऐकून पलंगाखालची पाटी पुन्हा बाहेर काढली आणि लिहिलं, "ह्याला मॅचला कुणी बोलवंल का?"

सासूबाई, धोंडुबाई, पिठाचे हात पुसत दारात उभ्या होत्या.

"मी बोलू?" त्या म्हणाल्या. "चाळीस वरसं ह्यांचं ऐकलंय. ह्यांना काय म्हणायचं असतंय ते माझ्यापरीस कुणाला ठावं?"

संयोगितानं रेकॉर्डर त्यांच्या हातात दिला. दुपारभर सासूबाई स्वयंपाकघराचं दार लावून बसल्या. बाहेर आल्या तेव्हा गालातल्या गालात हसत होत्या.

वाक्यं बोर्डात भरली, चित्रं मांडली, सगळं एका खोक्यात बसवलं आणि रविवारी सकाळी ते खोकं आकारामांच्या मांडीवर ठेवलं. तालमीचे दोघं-तिघं भेटायला आले होते. आकारामांनी ऐटीत चहाच्या पेल्यावर बोट ठेवलं. खोक्यातनं धोंडुबाईंचा खणखणीत आवाज आला, "मला लघवीला जायचंय!"

पाहुणे उठून उभे राहिले. एकानं आकारामांना काखेत हात घालून उचललंच. ते हात झटकत पुन्हा पेला दाबतात, पुन्हा तेच. संयोगिताला कळायला वेळ लागला नाही. बोट डावीकडं लागलं की पडदा ते उजवीकडं लागलं असं समजत होता. तिनं पाहुण्यांची माफी मागितली, पडद्याच्या कोपऱ्यांवर फुल्या आणल्या आणि सासऱ्यांना म्हणाली, "मामा, ह्या फुल्यांवर एकेक करून नीट बोट ठेवा. म्हंजे त्याला तुमचं बोट कुठं हाय ते कळंल." आकारामांनी रागानंच फुल्या दाबल्या. मग पेला दाबला.

"धोंडू, दमली असशील. पण वाईच चहा टाकतीस का?"

आकारामांचे डोळे विस्फारले. पाटीवर पेन्सिल कराकरा वाजली: "मी असं कवा बोललोय?"

"न्हाई ना?" धोंडुबाई म्हणाल्या. "मग आता बोलाय लागा की." आणि चहा टाकायला गेल्या.

पाहुणे इतके हसले की आकारामांनाही हसू आवरेना. त्या दिवशी ते भिंतीकडं वळून झोपले नाहीत.

पण खोकं घेऊन ते चौकात जाऊन बसले आणि नवी भानगड निघाली. उन्हात पडदा दिसेना. चित्रं कुठं गेली म्हणून ते नुसतीच काच बडवत बसले आणि चौकातल्या पानवाल्याला "पोटात दुखतंय" असं ऐकवून परत आले. संयोगितानं मग कंपनीतल्या पॅनेलला लावतात तसली जाडजूड बटणं आणली, एक हिरवं, एक तांबडं, एक पिवळं. न बघताही बोटाला सापडतील अशी. बोर्डाच्या पिनांना वायरी जोडून तिनं हिरवं दाबलं.

"व्हय व्हय व्हय व्हय!"

"एवढं कोण कशाला कबूल करंल?" ऋतुराज म्हणाला.

बटणाच्या आतली पत्री एका दाबण्यात चार वेळा उडायची आणि बोर्डाला वाटायचं चार वेळा दाबलं. पहिल्या ठोक्यानंतर जरा दम धर, असं तिनं प्रोग्रॅममध्ये बोर्डाला सांगितलं. मग हिरवं एकदाच "व्हय" म्हणायला लागलं आणि तांबडं एकदाच "न्हाय".

"मामा, पिवळ्यावर काय ठेवू?"

आकारामांनी विचारही केला नाही. पाटीवर लिहिलं, "गोल."

धोंडुबाईंनी रेकॉर्डर तोंडाशी धरला. "गोल," त्या म्हणाल्या. वांगं लांबडं हाय का गोल, हे भाजीवालीला सांगावं तसं. आकारामांनी कपाळाला हात लावला. पुन्हा म्हणाल्या, पुन्हा वांगंच. तिसऱ्या वेळी आकारामांनी तांबडं बटण दाबलं आणि खोक्यातनं धोंडुबाईंच्याच आवाजात "न्हाय!" आलं, तेव्हा त्यांनी रेकॉर्डर खाली ठेवला.

"न्हाय म्हणायला काय जातंय? मी कवा बघितलाय गोल? उभा जन्म तुमी मैदानावर, आन् मी घरात बसून लांबनं गलका ऐकतोय. नेलंत का कवा एक दिवस?"

आकारामांनी पाटी बाजूला सारली. मग त्यांनी खोकं ओढलं आणि पडद्यावर शोधू लागले. खालच्या कोपऱ्यात चपलांच्या दोन जोड्यांचं चित्र होतं. ते धोंडुबाईंनीच काढायला लावलं होतं आणि आजवर कुणी दाबलं नव्हतं. आकारामांनी त्यावर बोट ठेवलं.

"तू बी चल की माझ्यासंगं."

धोंडुबाईंनी पदर तोंडाला लावला. "आईतवारी मॅच हाय का?" त्यांनी ऋतुराजला विचारलं.

मॅच होती, वाघजाई विरुद्ध चांदणी चौक. गॅलरीत बायका बोटावर मोजण्याइतक्या. धोंडुबाई नवी इरकल नेसून, शेंगदाण्याचा पुडा घेऊन आकारामांच्या शेजारी बसल्या. संयोगितानं रेकॉर्डर तयार ठेवला.

"आपल्या पोरांनी कुठल्या जाळीत घालायचा?" धोंडुबाईंनी विचारलं.

"त्या, पलीकडच्या," ऋतुराजनं दाखवलं.

पूर्वार्धात गोल झालाच नाही. धोंडुबाईंनी पलीकडच्या जाळीवरची नजर हलवली नाही. मध्यंतरानंतर संघ बाजू बदलतात, हे सांगायचं सगळ्यांच्याच ध्यानातनं राहिलं. चांदणी चौकाचा एक लुकडा, उंच गडी बॉल घेऊन सुटला, दोघांना चकवलं आणि पलीकडच्या जाळीत सणसणीत मारला. वाघजाईच्या गॅलरीत स्मशानशांतता, आणि त्यात धोंडुबाई उभ्या.

"गोऽऽऽल! गोल, गोल! लई झ्याक रं माझ्या वाघा!"

सगळी गॅलरी वळून बघायला लागली. "ओ मावशी, कुणीकडच्या तुम्ही?" मागनं कुणीतरी ओरडलं.

"शिवाजी पेठेतली! आन् मॅच बघायला आलोय, तुझं तोंड बघायला न्हाय!"

आकाराम हसत होते. आवाज नव्हता, पण खांदे गदगदत होते, डोळ्यांतनं पाणी वाहत होतं. संयोगितानं घाईघाईनं रेकॉर्डर तपासला. सगळं आलं होतं. अगदी तोंड बघायला न्हाय इथपर्यंत.

पुढं चांदणी चौकाशीच पुन्हा मॅच पडली तेव्हा पिवळं बटण तयार होतं. वाघजाईनं गोल केला, आकारामांनी ते दाबलं आणि बायकी आवाजातली ती आरोळी ऐकून गॅलरी खिदळली. आयोजकांतला एकजण धावत आला, त्यानं निवेदनाच्या टेबलावर जागा केली आणि माइक खोक्यासमोर धरला. आकाराम खुर्चीत ताठ बसले. मैदानभर धोंडुबाई घुमल्या.

धोंडुबाई शेजारीच शेंगा सोलत होत्या. त्यांना तो चांदणी चौकाचा लुकडा गडी मनापासून आवडला होता.

"पळतंय कसं बघा की," त्या म्हणाल्या. "तुमच्यात तसं एक बी न्हाय. मी आपली त्यांच्याकडनं."

आकारामांनी माइकसमोरच तांबडं बटण दाबलं. मग आणखी एकदा दाबलं. धोंडुबाईंनी स्वतःचाच "न्हाय" दोनदा ऐकून घेतला, हातातली शेंग आकारामांच्या तळहातावर ठेवली आणि चांदणी चौकाच्या बाजूला जरा सरकून बसल्या.