उशीतला कापूस

दादाने लाकडी बासरीवरून पॉलिश पेपर पुन्हा एकदा फिरवला, भुकटी फुंकली आणि अंगठा टेकवला. काही कळलं नाही. लाकूड काय, काच काय नि दाराची कडी काय, गेल्या थंडीपासून त्याच्या बोटांना सगळं सारखंच लागत होतं. तो उठला, खिडकीशी गेला, परत येऊन बसला.

मागच्या महिन्यात असंच झालं होतं. खरखर राहिली असेल म्हणून घासत राहिला आणि फुंकेच्या भोकाचा काठच बोथट करून बसला. त्या बासरीतून सुराऐवजी नुसता वारा निघाला. लाकडातच चीर होती, असं घरात सांगून त्याने ती चुलीत घातली. आता ही. गिऱ्हाईक आजच येणार. हीही बिघडली तर हात गेला म्हणायचं, आणि हाताशिवाय दादाजवळ होतं काय?

त्याने दाराकडे पाहिलं. मग खिशातून कापसाची चिमूट काढून बासरीवरून हलकेच ओढली. तिसऱ्या भोकापाशी तंतू अडकला. त्याने तेवढंच घासलं. पुन्हा ओढली. नाही अडकला.

ही रीत धाकट्या भावाची. पलीकडच्या खोलीत तोही बासऱ्याच करायचा आणि शेवटी कापूस ओढून तपासायचा. तीस वर्षं दादाने त्याला चारचौघांत 'कापूसराव' म्हणून हाक मारली होती. "बोटं काय नुसती जेवायला दिलीत का रे तुला?" असं विचारून लोकांना हसवलं होतं.

आतून बायकोचा आवाज आला.

"अहो, ही उशी कुणी उसवली? उंदीर झालेत वाटतं घरात!"

 दादा बासरीला तेल लावू लागला. तेलाची चिंधी दोनदा हातातून पडली.

"झाली का दादा? गिऱ्हाईक कोपऱ्यावर चहा पितंय." धाकटा दारात उभा होता.

"एवढी घाई आहे तर तुझीच दे एखादी. कापसाने पुसलेली."

धाकटा हसला. बासरी उचलून त्याने उजेडात धरली, फडक्याने तेल टिपलं. फुंकेच्या भोकाच्या काठाला एक पांढरा तंतू चिकटून राहिला होता. त्याने तो नखाने उचलला आणि बोटावर धरून बघत राहिला. दादा पेपरचे तुकडे एकावर एक रचत होता, विस्कटत होता, पुन्हा रचत होता.

धाकट्याने बोट शर्टाला पुसलं आणि बासरी ओठाला लावली. सूर निघाला. स्वच्छ, खोलीभर.

"वहिनी," त्याने आत बघून आवाज दिला, "असेल एखादा म्हातारा उंदीर. सापळा नका लावू."

"तुमचं काय जातंय भाऊजी? उशी आमची फाटलीय!"

धाकट्याने खिशात हात घातला, काहीतरी बाकावर ठेवलं आणि बासरी घेऊन निघाला.

बाकावर त्याची पत्र्याची डबी होती. कापसाची. तीस वर्षांत ती त्याच्या खिशाबाहेर कधी राहिली नव्हती.

दादाने हाक मारायला तोंड उघडलं. जिन्यावर धाकट्याची पावलं वाजत होती, नेहमीपेक्षा सावकाश. एक शब्द पुरला असता.

पावलं खाली पोचेपर्यंत दादा तसाच बसून राहिला. मग त्याने खण उघडला, डबी आत ठेवली आणि पुढचं लाकूड मांडीवर घेतलं.