तुफान गाडीवरची खूण

“मामा, एक चिंधी द्या. आन् घासलेट हाय का उलिसं?”

गाडीवरून न उतरताच बिरूनं मागणी केली. पालमच्या एसटी स्टँडसमोर नागनाथ पेंटरचं दुकान आहे आणि त्याला खेटून माझं, मोटरसायकलींची शीट कव्हरं शिवण्याचं. दोघांच्या मध्ये पत्र्याची भिंत आहे, पण तीही निम्मीच. त्याच्याकडचं गिऱ्हाईक काय बोलतं ते मला आयतं ऐकू येतं, आणि माझं मशीन थांबलं की किशनराव कान लावून बसलाय हे त्याला कळतं. तेव्हाही मशीन थांबलंच होतं, कारण गाडी बघण्यासारखी होती.

नागनाथनं दोरी बांधलेला चष्मा कपाळावर सारला आणि गाडीभोवती एक फेरी मारली. नवी कोरी ‘तुफान’. हँडल एवढं उंच, की चालवणारा पोलिसांना शरण आल्यासारखा दोन्ही हात वर करून बसायचा. टाकी पाण्याच्या थेंबासारखी, मागच्याला टेकायला गादी लावलेली लोखंडी कांब, आणि टाकीवर पिवळ्या-केशरी ज्वाळांची स्टिकरं. या सगळ्या थाटात मागच्या मडगार्डवर गेरूनं उमटवलेली तीन बोटं. दोन लांब आणि एक अर्धंच.

“हे कुणी केलं?” नागनाथनं विचारलं.

“आयेनं. मेंढराला लावती तसंच गाडीला लावलंय. लोक हसायलेत, मामा. कंपनीची गाडी हाय ही.”

“आरं, तुझ्या बापाच्या कळपाची खूण हाय ती. राहू दे की.”

“गाडी काय मेंढरू हाय व्हय?”

याचं उत्तर माझ्याकडे होतं. पण मला कुणी विचारलं नव्हतं. नागनाथनं चिंधी दिली, बाटलीतलं रॉकेल दिलं. बिरूनं मडगार्ड लख्ख पुसलं आणि हात वर करून तो निघून गेला. ती तांबडी झालेली चिंधी नागनाथ बराच वेळ हातात धरून उभा होता.

“आपूनच दिली बघा, किशनराव,” तो म्हणाला.

“आता चिंधीवरून कामून जीव जाळायलाय? काम कर,” मी म्हणालो. पण करायला त्याच्यापाशी काम कुठं होतं?

त्याआधी महिनाभर परभणीच्या एजन्सीचा दिनकरराव बाजारच्या दिवशी टेम्पोत ‘तुफान’ चढवून पालमात आला होता. भोंग्यावर गाणी, मध्येच जाहिरात: ‘तुफान! तरुणांची गाडी! चारचौघांत वेगळी!’ टीव्हीवरही तेच. त्यात एक केसाळ पोरगा डोंगरातून गाडी हाणत यायचा आणि बाकीचे तोंड वासून बघत राहायचे. आमच्याकडची पोरंही तशीच तोंड वासून बघत राहिली. बाप लोकांना धान्याचं पोतं बांधता येईल अशी गाडी हवी होती, पोरांना हीच. घराघरात आठ-आठ दिवस अबोले चालले आणि शेवटी पोरंच जिंकली.

यात मेला तो नागनाथ. वीस वर्षं त्यानं या भागातल्या गाड्या वेगवेगळ्या केल्या होत्या. त्याची तऱ्हा अशी, की गिऱ्हाइकाला आधी स्टुलावर बसवायचा, चहा पाजायचा आणि घरचं विचारायचा. मागं कोण बसतं? गाडी घेऊन जास्ती कुठं जातूस? मग वाघ मागायला आलेला दूधवाला टाकीवर आपली मोडक्या शिंगाची म्हैस घेऊन जायचा आणि वर खूशही असायचा. एका मास्तरांनी गरुड मागितला होता, त्यांना कानावर खोचलेली पेन्सिल मिळाली. गरुड सगळ्यांकडं असतोय, तुमची पेन्सिल कुणाकडं हाय, असं त्याचं म्हणणं. काम झालं की टाकीच्या खालच्या अंगाला, कुणाला दिसणार नाही असा, बारीक ‘ना’ लिहायचा. आता कंपनी वेगळेपण कारखान्यातूनच चिकटवून पाठवायला लागली, तिथं नागनाथला कोण विचारणार? माझीही गत तीच. तुफानची शीट दोन पायऱ्यांची, तिला माझं कव्हर बसेना. पण मी निदान गाद्या-उशा शिवू शकतो.

दिनकरराव माणूस वाईट नव्हता. त्यानंच नागनाथला म्हटलं, “पेंटर, स्टिकर सरळ चिकटवायला हात स्थिर लागतो. एक तारखेपासून परभणीला या. डोक्यावर पंखा, अंगावर कंपनीचा शर्ट.” नागनाथच्या बायकोला, कडूबाईला, हे लगेच पटलं. पटणारच. दोन महिने घरात तेलरंगाच्या वासाशिवाय काही आलं नव्हतं. नागनाथनं हो म्हटलं, पण हो म्हणताना तो माझ्याकडे बघत नव्हता.

एक तारीख उजाडली. बाराच्या एसटीनं त्याला जायचं होतं. सकाळीच त्यानं ब्रशांचा डबा माझ्या काउंटरवर आणून ठेवला. खारीच्या केसांचे बारीक ब्रश, तुपाच्या डब्यात उभे.

“तुमच्यापाशी राहू द्या, किशनराव. तिथं काय कामाचे?”

मला खरं तर वाईट वाटलं. म्हणून मी म्हणालो, “ठेव. तव्याला तेल लावायला येतील.” आमच्या दोघांचं बोलणं असंच.

तेवढ्यात बिरूची आई, केवळाबाई, दुकानाच्या पायरीशी येऊन बसली. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, आणि नजर रस्त्यावर.

“कुणाची वाट बघायलाव, माय?” नागनाथनं विचारलं.

“बिरूची. परवा यलदरीला गेलाय. आज येतो म्हणला.”

“यलदरीला? एवढ्या लांब कामून?”

मग तिनं जे सांगितलं, ते ऐकताना मी दोनदा मशीनवर डोकं टेकवून हसलो.

चुडाव्याला पाहुण्यांत लग्न होतं. बिरू आईला मागं बसवून थाटात गेला. लिंबाखाली गाडी लावायला बघतो तर तिथं आणखी तीन तुफान! तेच हँडल, त्याच ज्वाळा. सगळ्या गाड्या त्याच महिन्यातल्या, नंबर कुणाचेच आलेले नव्हते, पाट्या कोऱ्या. चारचौघांत वेगळ्या अशा चार गाड्या ओळीनं उभ्या. जेवणं झाली, जो तो आपापल्या किल्लीनं गाडी चालू करून निघाला. कंपनीनं काय किल्ल्या केल्या होत्या कुणास ठाऊक, कुठलीही किल्ली कुठल्याही गाडीला लागत होती.

“अर्ध्या वाटंत मी म्हणलं, बिरू, ही आपली न्हाई,” केवळाबाई म्हणाली. “आपली चढावर खोकती. ही मुकाट चढायलीय. तर म्हणतो कसा, आये, गाड्या का मेंढरं हायत, वरडण्यावरून वळखायला? घरी येऊन बाजूची पेटी उघडली तर मासळीचा वास! जाळं इणायचा दोरा, आन् यलदरीच्या मच्छीमार सोसायटीची चिठ्ठी.”

मी हसत होतो. नागनाथ हसत नव्हता. “आन् तुमच्या पेटीत काय व्हतं?” त्यानं विचारलं.

तिनं काठी आडवी मांडीवर घेतली. “त्यांची कातर. लोकर कातरायची. जाताना पूर्णेच्या बाजारात धार लावून घेतली व्हती. दुसरं काय बी गेलं असतं तर म्या एवढा घोर लावून घेतला नसता, दादा. ती कातर त्यांच्या हातातली हाय. परवापासून कातरणी धरलीय. दुसऱ्याची कातर हातात बसंना मला.”

बिरूचा बाप मल्हारी दोन वर्षांपूर्वी गेला. कळप आता हीच सांभाळत होती.

नागनाथ खाली मान घालून बसला. “खूण असती तर कुणी नेली नसती,” तो म्हणाला. “पुसायला चिंधी मीच दिली, वयनी. माझ्याच हातानं.”

“तुमी न्हाई दिली असती तर सदऱ्याला पुसलं असतं त्यानं. तरणं पोरगं हाय,” केवळाबाई म्हणाली.

पावणेबारा वाजले. कडूबाई डबा घेऊन आली. नवऱ्याचा शर्ट मागून ओढून सरळ केला आणि पिशवी त्याच्या हातात दिली. एसटी स्टँडात येऊन लागली. नागनाथ उठला आणि त्याच वेळी रस्त्यावर दोन तुफान दिसल्या. दोन पोरं, चार हात वर. पुढचा बिरू होता. मागचा काळासावळा, हसऱ्या तोंडाचा.

बिरूनं गाडी लावली, पेटी उघडली आणि दस्तीत गुंडाळलेली कातर आईच्या मांडीवर ठेवली. तिनं दस्ती सोडली, कातर दोनदा उघडझाप केली, कानाशी धरून तिचा आवाज ऐकला आणि मग कुठं तिचा चेहरा सैल झाला.

“हा सटवाजी,” बिरू म्हणाला. “ह्यानंच नेलती. मी गेलो तर गडी मपली गाडी धुवायला बसलेला! दोन दिवसांत वळखलं बी न्हाई.”

“चढावर खोकायली म्हणून मेस्त्रीला दाखवणार व्हतो की,” सटवाजी म्हणाला. केवळाबाईनं लेकाकडं नुसतं बघितलं. बिरूनं मान खाली घातली.

“मामा,” तो नागनाथला म्हणाला, “आता काय बी काढा हिच्यावर. वाघ काढा, नाग काढा. पुन्हा असली फजिती नगं.”

“मलाबी,” सटवाजी म्हणाला. “त्याच्यासाठीच एवढ्या लांब आलोय.”

कंडक्टरनं घंटी मारली. “परभणी, परभणी!” नागनाथ एसटीकडे बघत होता, कडूबाई नागनाथकडे, आणि मी ब्रशांच्या डब्याकडे. मी तो डबा उचलून काउंटरच्या कडेला सरकवला. तेवढंच. सल्ला वगैरे मी कुणाला देत नाही.

नागनाथनं पिशवी खाली ठेवली.

“अवं, गाडी सुटायलीय,” कडूबाई म्हणाली.

“सुटू दे. दिनकररावला कार्ड टाकतो. चिकटवायचं काम मला यायचं न्हाई.”

एसटी धूळ उडवत गेली. कडूबाई बघत राहिली. आता हिचा पट्टा सुटणार म्हणून मी मशीनमागं खाली वाकलो. ती दोन्ही पोरांकडं बघत होती, दोन्ही गाड्यांकडं बघत होती. मग पायरीवर बसून तिनं डबा उघडला. “उपाशीपोटी रंग कालवू नगा,” ती म्हणाली. “आन् तुमी बी या, पोरांनो. कुठून कुठून आलाव.” तिच्या त्या पिठलं-भाकरीत आम्ही सहाजण जेवलो आणि तरी पुरलं.

जेवताना नागनाथनं सटवाजीला घरचं विचारून घेतलं. मग त्याच्या टाकीवर, ज्वाळांची स्टिकरं खरवडून, यलदरीच्या धरणातला एका मिशीचा मासा आला. दुसरी मिशी त्याच्याच जाळ्यात तुटली होती म्हणे. सटवाजी गाडीपुढं उकिडवा बसून हसतच राहिला.

मग बिरूची पाळी. नागनाथनं तांबड्यात पिवळा घातला, चिमूटभर काळा घातला आणि कालवत राहिला. थेट गेरूचा रंग झाल्यावर त्यानं ब्रश बाजूला ठेवला आणि डबी केवळाबाईपुढं धरली.

“वयनी, तुमीच लावा. तेलरंग हाय, वाळला की घासलेटाच्या बापाला बी निघायचा न्हाई.”

केवळाबाई संकोचली. मग पदर खोचून उठली. तीन बोटं रंगात बुडवली आणि मडगार्डजवळ नेताना अंगठ्याजवळचं बोट पेरातून दुमडलं. दोन लांब रेघा उमटल्या, एक अर्धी.

“ते बोट कामून दुमडलं?” नागनाथनं विचारलं.

“त्यांचं बोट अर्धंच व्हतं ना. ह्याच कातरीत गेलतं, लग्नाच्या आदी,” ती म्हणाली. “खूण त्यांच्या हाताची हाय. म्या सरळ लावली तर कळप माझा व्हईल. मी नुसती राखायलेय.”

बिरू मडगार्डकडं बघत उभा राहिला. बापाचं बोट त्यानं लहानपणापासून पाहिलं होतं, खूणही पाहिली होती. दोन्ही एकत्र त्यानं कधी पाहिलं नसावं. त्यानं वाकून रंगावर हळूच फुंकर घातली. एकदा, दोनदा. वाळेपर्यंत तो तिथून हलला नाही.

“खाली तुमचं ‘ना’ लिवा की, मामा,” तो म्हणाला.

“ते मपलं काम असल्यावर लिवत असतो,” नागनाथ म्हणाला आणि ब्रश पुसू लागला, जरी तो त्यानं वापरलाच नव्हता.

निघताना त्यानं केवळाबाईपुढं चिंधी धरली. तीच, कडेला अजून तांबडी असलेली. तिनं हात मागं घेतला.

“राहू द्या, दादा. चार दिस कातर धरली की आपसूक जाईल.”

ती मागं बसली, कांबीला पाठ टेकली. चढावर गाडी खोकली. लुगड्याला रंग लागू नये म्हणून तिनं हात बाजूला धरला होता, आणि नाक्यावरच्या वळणापर्यंत तिची ती तीन बोटं दिसत होती. एक अजून दुमडलेलंच.