बर्फ नको

क्राबीच्या हॉटेलात सामान ठेवल्या ठेवल्या सासूबाईंनी पहिलं काम काय केलं, तर शुभमच्या गळ्यातली पाण्याची बाटली काढून स्वतःच्या पिशवीत टाकली. खिडकीबाहेर थायलंडचा निळाशार समुद्र पसरला होता. त्याच्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

"लेकरू घडीघडी पानी पेऊन राह्यलं तर कोनीबी इचारते," त्या म्हणाल्या. "चार दिवस जरा दमानं घे, रागिणी. मागतलं तं देजो. सोताहून नोको देऊ."

"डॉक्टरनं काय सांगतलं हाय, मामी?" मी सासूबाईंना म्हटलं.

"डॉक्टर आचलचं लग्न लावून देनार हाय काय?"

आचल म्हणजे माझी नणंद. राग मला भरपूर आला, तो नेहमीसारखा गिळला.

माझा शुभम सात वर्षांचा आहे आणि त्याला सिकल सेल आहे. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक नसांत अडकून बसतात. पाणी कमी पडलं, गारठा लागला, फार दमला, की हातपाय असे दुखतात की पोरगं पांघरुणाचा बोळा तोंडात धरतं. अमरावतीच्या डॉक्टरांनी आम्हा नवराबायकोला समोर बसवून चित्र काढून दाखवलं होतं. अर्धा दोष आईकडून, अर्धा बापाकडून, दोन्ही अर्धे एकत्र आले की लेकराला आजार. सासूबाईंना त्या चित्रातला फक्त माझ्याकडचा अर्धा दिसला. मी तिवस्याच्या माहेराहून काय काय आणलं, हे सांगताना त्या तेव्हापासून हेही सांगू लागल्या. दुसरा अर्धा त्यांच्याच घरातला, म्हणजे तो आचलमध्येही असू शकतो, हे त्यांना कळत नव्हतं असं मुळीच नाही. कळत होतं म्हणून तर तिचं रक्त त्यांनी कधी तपासू दिलं नाही.

आचलला अकोल्याचं स्थळ आलं होतं. भगवंतरावांचं बियाण्यांचं मोठं दुकान, काळी कसदार जमीन, आणि मुलगा नितेश दिसायला-बोलायला चांगला. दोन्हीकडून होकार झाला होता, साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, तेवढा राहिला होता. भगवंतराव ओळखीच्या टूरवाल्याबरोबर घरच्यांना घेऊन थायलंडला निघाले होते, त्यांनी फोन केला, "तुमीबी चला ना, दोन्ही घरं एकमेकाले समजतीन." नाही म्हणावं, तर का नाही म्हणाले? शुभमला घरी ठेवावं, तर का ठेवलं? सासरे संत्र्याच्या तोडीचं निमित्त काढून शेंदूरजनाघाटलाच राहिले, ते तेवढे सुटले. बाकी आम्ही सगळे निघालो.

बसमध्ये सगळी माणसं अमरावती-अकोल्याची. समुद्र ओलांडून गेलो तरी नाश्त्याला पोहे आणि पोह्याबरोबर चौकशा. त्यात नितेशची आई, सुभद्राबाई, यांची नजर सारखी शुभमवर. नागपूरच्या विमानतळावरच त्यांनी त्याची हनुवटी वर करून डोळ्यांत पाहिलं होतं. "झोप नाई झाली काय रे, बापा?" मी त्याला चटकन माझ्याकडे ओढलं. त्याच्या डोळ्यांत जरा पिवळेपणा असतो, तो मला ठाऊक होता. पहिल्याच संध्याकाळी वाळूत बसल्या बसल्या त्या मला म्हणाल्या, "पान्यात नोको जाऊ देऊ त्याले. वारा गार सुटला हाय."

मी म्हटलं, ही बाई उकरून काढल्याशिवाय राहत नाही.

माझा नवरा धर्मेंद्र शेजारीच होता. त्यानं शुभमला खांद्यावर उचललं. "काई होत नाई त्याले, काकू. वाघ हाय आमचा." आणि वाघाला घेऊन तो कमरेएवढ्या पाण्यात गेला. शुभम खूश होऊन ओरडत होता. मी टॉवेल घेऊन काठावर उभी राहिले आणि आत कुठेतरी नवऱ्याला शिव्या देत राहिले.

दुसऱ्या दिवशी बोटीनं बेटं पाहायला नेलं. बोटीत संडासाची सोय नव्हती, म्हणून टूरवाल्या गजेंद्रनं सगळ्यांना पाणी बेतानं प्यायला सांगितलं. सासूबाईंना आयतंच मिळालं. मी टॉवेलाआड शुभमला दोन-दोन घोट पाजायला गेले की त्या खाकरायच्या. पोरगं ओलं, बोट भरधाव, वरून वारा. कपडे बदलू म्हटलं तर धर्मेंद्र म्हणाला, "बाकीचे लेकरं बसले ना तसेच." शेवटच्या बेटावर बाकीची लेकरं शिंपले वेचत होती आणि माझं वाळूत पाय पसरून बसलं होतं.

"आई, पाय," तो म्हणाला. एवढंच. मी त्याला उचललं आणि बोटीकडे धावले.

दवाखान्यात पोहोचेपर्यंत त्याचा उजवा पाय घोट्यापाशी सुजला होता, अंगात ताप होता आणि हात लावू देत नव्हता. गजेंद्र बाकीच्यांना घेऊन हॉटेलवर गेला. आमच्याबरोबर भगवंतराव, सुभद्राबाई आणि नितेश आले. इंग्रजी चांगलं म्हणून नितेशनं बोलायचं ठरलं. बिचारा मनापासून धावपळ करत होता. डॉक्टरांनी विचारलं, मुलाला आधीचा काही आजार आहे का? नितेशनं ते आम्हाला मराठीत सांगितलं आणि धर्मेंद्रकडे पाहू लागला.

धर्मेंद्रनं आईकडे पाहिलं. मग भगवंतरावांकडे.

"नाई, काई नाई," तो म्हणाला. "बोटीत पाय घसरला त्याचा. मुरगळला."

नितेशनं ते जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. डॉक्टरांनी मान हलवली आणि परिचारिकेनं सुजलेल्या घोट्यावर बर्फाची पिशवी ठेवली.

शुभम जो किंचाळला, तो आवाज माझ्या कानातून अजून जात नाही. वाकड्या पेशी अडकलेल्या नसांवर गारठा म्हणजे दुखण्यावर दुखणं. मी पिशवी उचलून बाजूला ठेवली. परिचारिकेनं हसून ती परत लावली. मी पुन्हा काढली. "बर्फ नको, बर्फ नको," मी मराठीतच म्हणत राहिले. ती काहीतरी समजुतीचं बोलली. डॉक्टर नितेशला म्हणाले, आईला बाहेर बसवा, घाबरल्यात त्या.

मी तोंड उघडलं तेवढ्यात सासूबाईंनी माझं मनगट धरलं. बांगड्या हातात रुतल्या. त्या नुसत्या आचलकडे पाहत होत्या. मी हात झटकणार, त्याच्या आत आचल पलंगापाशी आली, तिनं बर्फाची पिशवी उचलून जमिनीवर टाकली आणि डॉक्टरांना म्हणाली, "सिकल सेल. ही हॅज सिकल सेल."

नितेशला भाषांतर करायचं कामच पडलं नाही. तो शब्द थायलंडच्या डॉक्टरला कळला आणि अकोल्याच्या भगवंतरावांनाही कळला. आमच्याकडे तो न कळणारं माणूस शोधून सापडायचं नाही.

मग भराभर सगळं झालं. उबदार पांघरूण आलं, सलाइन लागली, नाकाला प्राणवायूची नळी लागली, दुखणं थांबवायचं इंजेक्शन दिलं. भगवंतराव केव्हा उठून गेले ते दिसलं नाही. त्यांच्यामागे सुभद्राबाई गेल्या, त्यांच्यामागे नितेश. दारापर्यंत जाऊन त्यानं एकदा आचलकडे वळून पाहिलं. सासूबाई कोपऱ्यातल्या खुर्चीत बसल्या. "सोताच्या हातानं मोडलं पोरीनं," त्या धर्मेंद्रला म्हणाल्या. तो मान खाली घालून उभा होता. मी त्यांच्या पिशवीत हात घातला आणि शुभमची बाटली काढून घेतली. त्यांनी अडवलं नाही.

सकाळी ताप उतरला. शुभमला झोप लागली होती. आचल त्याच्या उशाशी, सासूबाई त्याच खुर्चीत. धर्मेंद्र चहा आणायला गेला होता. तेवढ्यात सुभद्राबाई एकट्याच आल्या, हातात थर्मास घेऊन.

लग्न मोडल्याचं सांगायला आल्या असणार. मी म्हटलं, "जे सांगायचं ते बाहेर सांगा. लेकरू आत्ताच झोपलं."

त्यांनी माझ्याकडे लक्षच दिलं नाही. थर्मासमधल्या गरम पाण्यात रुमाल भिजवून पिळला, शुभमच्या पायाशी बसल्या आणि घोट्याला शेक देऊ लागल्या. दाबत नव्हत्या, चोळत नव्हत्या. नुसता उबदार रुमाल टेकवायच्या, निवला की पुन्हा भिजवायच्या. असं शेकायला मला शिकायला दोन वर्षं लागली होती. मी पाहतच राहिले.

"तुमाले कसं येते हे?" मी विचारलं.

"माहा मोठा," त्या म्हणाल्या. "नितेशच्या आधीचा. सहा वर्साचा असतानी गेला. आमी साऱ्याईले कावीळ सांगतली." त्यांनी रुमाल पुन्हा बुडवला. "तुह्या पोराचे डोये पाह्यले अन् विमानतळावरच समजली मी."

आचल उठून उभी राहिली. "म्हणजे तुमाले माहीत होतं? आमच्या घरात हाय म्हणून?"

"हो."

"अन् तुमच्या घरातबी हाय."

"हो."

"तरी बोलल्या नाही तुमी?"

सुभद्राबाईंच्या हातातून पाणी ठिबकत होतं. "दोन स्थळं गेली नितेशची. दोन्ही घरांनी रक्ताची तपासनी मागतली. तुमी नाई मागतली. म्हनून तुमचं घर बरं वाटलं."

मी सासूबाईंकडे पाहिलं. अकोल्याचं स्थळ पक्कं केलं त्या दिवशी त्या देवापुढे साखर ठेवून मला काय म्हणाल्या होत्या, ते मला चांगलं आठवतं. म्हणाल्या होत्या, मानसं लय चांगली हायेत, तपासनीबिपासनीचं नावबी काढलं नाई. आता त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या, पुन्हा गुंडाळत होत्या. मला त्यांचा राग आला होता, आणि कीवही आली, आणि कीव आली म्हणून अजून राग आला. दोन घरांनी एकमेकांना पसंत केलं ते कोणीच काही विचारत नाही म्हणून. अन् उद्या त्याच पलंगावर आचलचं लेकरू असतं.

"नितेशले माहीत हाय?" आचलनं विचारलं.

"भाऊ काविळीनं गेला, एवढंच."

"फोन लावा त्याले."

सुभद्राबाईंनी हात पदराला पुसले आणि फोन लावला. पलीकडून 'आई, बोल' ऐकू आलं. त्यांचे ओठ हलले, पण शब्द काही फुटेना. एवढी वर्षं गिळलेला शब्द होता तो, असा एका सकाळी थोडाच वर येणार. नितेश पलीकडून पुन्हा पुन्हा विचारत होता, काय झालं, पोरगं बरं आहे ना.

आचलनं त्यांच्या हातातून फोन घेतला.

"शुभम बरा हाय," ती म्हणाली. "तुमी दवाखान्यात या. तुमच्या भावाले सिकल सेल होतं. आईले बोलता येऊन नाही राहिलं म्हणून मी सांगून राहिली. इथं रक्त तपासून भेटते. आधी माहं तपासू, मंग तुमचं."