दोन मिनिटांची नजर

काल रात्रभर मला झोप नव्हती. दुर्बिणीला कसली आलीय झोप, असं तुम्हाला वाटेल. पण माझ्या डोळ्यापुढे पत्र्याची एक झडप आहे. नाण्याची वेळ संपली की ती खट्कन पडते आणि पुढचं नाणं येईपर्यंत मला दूरचं काही दिसत नाही. त्यालाच मी झोप म्हणते. काल झडप पडलेली होती, तरी मनात एकच घोळत होतं: उद्या ती बाई तिच्या मुलीला घेऊन येणार, मुलगी माझ्या डोळ्याला डोळा लावणार, आणि मी तिला त्या कड्यावर काय दाखवून बसणार?

मी कोण, हे आधी सांगायला हवं होतं. माझं हे असंच. काळजी आधी, ओळख नंतर. इन्सब्रुकच्या जुन्या गावात एक उंच मनोरा आहे. त्याच्या वरच्या गॅलरीत, उत्तरेच्या कठड्याशी बोल्टांनी आवळलेली, हिरव्या रंगाची, एका पायाची जी दुर्बीण आहे, ती मी.

व्हिएन्नाजवळच्या एका कारखान्यात माझी भिंगं घासली गेली. घासणारा माणूस जाताना म्हणाला होता, "हिला फक्त बघायचंय, बाकी काही करायचं नाही. सुखी आहे बेटी." त्याचं ते वाक्य मला पुढे फार छळणार होतं.

इथे आल्यावर लोकांच्या सवयी कळायला लागल्या. प्रवासी धापा टाकत वर येतात, आधी फोटो काढतात आणि मग बघतात. नवरा म्हणतो, "तो बघ तो डोंगर." बायको म्हणते, "कुठला?" नवऱ्याला नाव माहीत नसतं, तो जोरात म्हणतो, "तोच!" दुपारचा सफरचंदाचा स्ट्रुडेल कुठे खायचा यावर माझ्याशेजारी जेवढे वाद झालेत, तेवढे डोंगरांवर झालेले नाहीत. आणि दक्षिणेचा तो उष्ण वारा, फ्योन, सुटला की डोंगर हाताला लागतील इतके जवळ येतात. त्या दिवशी गावाची डोकी दुखतात, घराघरात भांडणं होतात आणि सगळा दोष वाऱ्यावर ढकलला जातो.

पूर्वी मला दहा शिलिंगचं नाणं लागे. नंतर पोट उघडून युरोची खाच बसवली. नाणं बदललं, वेळ मात्र तीच राहिली. दोन मिनिटं.

माझी देखभाल कोर्बिनियानकडे होती. हिवाळ्यात तो मनोऱ्यावर काम करी आणि उन्हाळ्यात मेंढ्या घेऊन समोरच्या डोंगरावर जाई. लाल लोकरीचा कोट, अंगाला चीझचा वास. माझं भिंग तो बाहीने पुशी. गॅलरीच्या दाराशी तिकिटं तपासणारी फिलोमेना ओरडायची, "अरे, फडकं दिलंय ना तुला?"

"फडक्याने तिला गुदगुल्या होतात," तो म्हणायचा.

दर वर्षी सप्टेंबरात मेंढ्या उतरवायच्या दिवशी तो कड्यावरच्या खाचेशी थांबे आणि कोट काढून मनोऱ्याच्या दिशेने हलवी. फिलोमेना आपल्या खिशातलं नाणं माझ्यात टाकून बघे. "आला बाई आपला वेडा," म्हणे आणि शाल हलवी. एवढ्या लांबून शाल त्याला दिसणं शक्यच नव्हतं. तरी हलवी.

आता त्या दिवसाचं सांगते. सव्वीस वर्षं झाली. फ्योन सुटलेला होता. सपाट मुलखातून, पूर्वेकडच्या द्राक्षमळ्यांच्या गावातून, एक कुटुंब आलं होतं. मुलगी सहा वर्षांची. नाव यूडित, कारण बाप सारखा ओरडत होता, "यूडित, कठड्याला टेकू नकोस!" त्याने तिला उचलून धरलं आणि नाणं टाकलं. तिने डोळा लावला, आणि त्याच क्षणी समोर लाल कोट हलला.

"पपा, तिकडे एक माणूस हात करतोय! लाल कोट आहे त्याच्याकडे!"

फिलोमेना स्टुलावरून म्हणाली, "तो आमचा कोर्बिनियान. यंदा तीन दिवस लवकरच उतरतोय. बहिणीच्या हातचं सूप आठवलं असेल. कर गं, तूही हात कर त्याला."

मुलीने हात केला. सगळे हसले. मुलगी मोजत होती, नुकते आकडे शिकलेली मुलं सगळंच मोजतात. "...चार... पाच... सहा. थांबला."

डोंगरातल्या लोकांचा एक संकेत आहे. संकटात सापडलेल्याने एका मिनिटात सहा वेळा खूण करायची: हाक मारून, दिवा दाखवून किंवा कपडा हलवून. मग एक मिनिट थांबायचं. मग पुन्हा सहा. ज्याला ते कळेल त्याने मिनिटात तीनदा उत्तर द्यायचं. तीन म्हणजे: पाहिलं, येतोय. हे इथल्या पोरांना शाळेतच शिकवतात. फिलोमेनाला ते ठाऊक होतं. मला तर पाठ होतं. पण आम्ही त्याला ओळखत होतो ना! कुणी परका असता तर आम्ही मोजलं असतं. आपला माणूस हात हलवतोय म्हटल्यावर कोण मोजतं?

आणि मला काय वाटलं, हे सांगायला लाज वाटते. मला वाटलं, तो मला हात करतोय. मी खूश झाले.

एक मिनिट सहा खुणा. दुसरं मिनिट कोट स्थिर. मग खट्. माझी झडप पडली. तिसरं मिनिट माझ्याकडे असतं, तर दुसऱ्यांदा सहा दिसले असते आणि फिलोमेनाच्या हातातलं विणकाम खाली पडलं असतं. "अजून एक नाणं, पपा," मुलगी म्हणाली. बाप म्हणाला, "एका पोरीला एक नाणं. चल, भूक लागलीय."

संध्याकाळी वारा पडला आणि वरती बर्फ सुरू झालं. कोर्बिनियान चौथ्या दिवशी सापडला, खाचेखालच्या दगडाला टेकून बसलेला. पाय मोडला होता. कोट अंगात नव्हता, मुठीत होता.

तेव्हापासून दर नाण्याला, झडप उघडताना, पहिल्या क्षणी मला तिथे लाल दिसतं. प्रवाशांना दिसत नाही. ते म्हणतात, "काय सुंदर!" आणि दुसरीकडे वळवतात मला. भिंगावरचा डाग असेल, मी स्वतःला सांगते. पण डाग असा हलत नाही. फिलोमेनाने मात्र माझ्यात त्यानंतर एकही नाणं टाकलं नाही. निवृत्तीनंतरही ती आठवड्यातून तीन दिवस तिकिटं तपासायला येते, आणि स्टूल असं ठेवते की डोंगराकडे पाठ होईल.

काल दुपारी ती बाई आली. सोबत पाच वर्षांची मुलगी, फ्लोरा. बाईच्या पिशवीत दोन स्वेटर, तीन पाण्याच्या बाटल्या आणि पायाला लावायच्या पट्ट्या. मुलगी कठड्याजवळ गेली की हिचा श्वास अडके. तिने माझ्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाली, "अजून आहे ही."

मग फिलोमेनाकडे वळली. "बाई, एक विचारू? हसू नका. सव्वीस वर्षांपूर्वी, मी लहान असताना, त्या कड्यावर लाल कोटवाला एक माणूस हात हलवत होता. मी पण हलवला. मोठी झाल्यावर शाळेच्या पुस्तकात वाचलं, सहा वेळा म्हणजे काय ते. मला फक्त एवढंच सांगा, तो खाली आला होता ना?"

फिलोमेनाच्या सुया थांबल्या. "आणला खाली," ती म्हणाली.

मग यूडित म्हणाली, "मी मोजलं होतं हो. मोठ्याने मोजलं होतं."

"ऐकलं होतं मी," फिलोमेना म्हणाली. "पोरी, हात कर असं तुला मी सांगितलं. तुझं ओझं नाही ते. माझं आहे, ठेव खाली."

"ठेवता आलं असतं तर एवढ्या लांब आले असते का?"

फ्लोराला दुर्बिणीतून बघायचं होतं. आईने टाळलं. "उद्या बघू हं. उद्या नक्की." म्हणून मला रात्रभर ती काळजी. माझ्या डोळ्यातला तो लाल डाग त्या पोरीला दिसला तर? एका आईची झोप मी एकदा घालवली आहे, आता तिच्या मुलीचीही घालवू?

आज सकाळी पुन्हा फ्योन. डोंगर अगदी दारात. यूडित आली ती खिसाभर एक युरोची नाणी घेऊन. मुलीला उचललं, नाणं टाकलं, झडप उघडली. मी मनात म्हटलं, नको, त्या बाजूला नको वळवूस.

फ्लोराने नेमकी मला तिकडेच वळवली. "मम्मा, एक माणूस हात करतोय."

यूडितने विचारलं, "कसला कोट आहे?"

"निळा. जाकीट आहे. हातात धरून हलवतोय."

"मोज, फ्लोरा."

"...पाच, सहा. झालं. थांबला."

यूडितने झडप पडण्याआधीच दुसरं नाणं सारलं. इतक्या वर्षांत माझ्यावर ही दया कुणी केली नव्हती. एक मिनिट संपलं. फ्लोरा पुन्हा मोजायला लागली. पुन्हा सहा.

यूडितने स्वतः पाहिलं. फोन काढला, परत ठेवला, परत काढला. "उगाच हेलिकॉप्टर उडवलं तर? पेपरात येईल, सपाट मुलखातल्या बाईने मजेत हात हलवणाऱ्या प्रवाशाला वाचवलं. मी नेहमीच घाबरते हो. नवरा म्हणतो, मला पडलेलं पान पण अपघात वाटतो."

फिलोमेना उठली. स्टूल कलंडलं. ती आली आणि सव्वीस वर्षांनी डोंगराकडे तोंड करून माझ्यापाशी उभी राहिली. "डोंगर-बचाववाल्यांचा एक-चार-शून्य लाव. वेडं ठरायचं असेल तर दोघी ठरू."

यूडितने लावला. जागा नेमकी सांगितली: खाचेच्या डावीकडे, पांढऱ्या दगडाखाली. विसरलीच कुठे होती ती जागा!

संध्याकाळी फिलोमेनाला फोन आला. एकटाच भटकायला गेलेला विद्यार्थी, घोटा मोडलेला, बोलतोय, सूप मागतोय. ते ऐकून ती हसली आणि मग बराच वेळ शालीत तोंड घालून बसली. पण ते नंतरचं.

या हंगामानंतर मला इथून काढणार आहेत. माझ्या जागी डोंगर दाखवणारा नवा डिजिटल पडदा येणार, नाणं नको, झडप नको. बरंच आहे. जाताना एकच मागणं आहे: दुरून कुणी हात हलवताना दिसलं, तर हात उंचावण्याआधी मोजा. आपला माणूस असेल तर जास्तच नीट मोजा.

आणि आता सकाळचं, राहिलेलं. फोन ठेवून यूडितने शेवटचं नाणं टाकलं. हेलिकॉप्टरचा आवाज अजून दरीतच होता. माझी झडप उघडली. मला काय दिसलं ते मी सांगणार नाही. माझ्या डोळ्यावर माझाच भरवसा नाही. घरी त्या लाल कोटाबद्दल कधी अवाक्षर काढलं नाही, असं यूडित कालच म्हणाली होती, आणि काल त्या दोघी बोलत होत्या तेव्हा फ्लोरा गॅलरीच्या पार दुसऱ्या टोकाला कबुतरांमागे होती.

यूडितने विचारलं, "अजून हात करतोय का गं तो?"

फ्लोरा डोळा न हलवता म्हणाली, "निळा दादा आता नुसता बसलाय, मम्मा. त्याच्याजवळ लाल कोटवाले आजोबा आलेत, ते करतायत. आपल्याला नाही, त्या दादाला. तीनदाच."