रिकाम्या नळीचा आलेख

गौतमी पुण्याच्या प्रयोगशाळेत कार्बनच्या कड्यांचे रेणू काचेच्या नळीत तापवून त्यांचे अवरक्त आलेख काढायची. चुलीच्या काजळीत असतात त्याच जातीचे हे रेणू. ताऱ्यांमधल्या धुळीतून येणाऱ्या प्रकाशातही त्यांची खूण सापडते. त्या प्रकाशाच्या आलेखातलं एक बारीक शिखर नेमकं कुठल्या रेणूचं, यावर वाद होता. एकोणीसशे नव्याण्णवच्या उन्हाळ्यात ते तिच्या आलेखात जसंच्या तसं उमटलं. तिच्या मार्गदर्शक सरांनी लगेच शोधनिबंध परदेशी पाठवला.

पुढच्या आठवड्यात तिनं नळीत काहीच न भरता यंत्र चालवून पाहिलं. शिखर तिथंच होतं. नळीच्या सांध्याला लावलेल्या ग्रीसचं होतं ते. रिकामी नळी आधी तपासायची असते. घाईत तिनं ते टाळलं होतं. सरांना आज सांगू, उद्या सांगू म्हणत अकरा दिवस गेले.

तोवर तिच्या गावी, वरवंडला, विहारात तिचा सत्कार ठरला. तिचे वडील बबनराव दौंडच्या रेल्वे यार्डात फिटर. त्यांनी रजा टाकून घरोघर आमंत्रणं दिली होती. नाही म्हणायचं तिच्यानं झालं नाही. शेजारच्या म्हाताऱ्या धुरपदाआजीनं तिला शाल पांघरवली, गालावरून हात फिरवला. गौतमी चांदण्यांतल्या काजळीबद्दल बोलली, टाळ्या पडल्या. तिला मान वर करवेना.

घरी जाताना रस्त्यातच तिनं वडिलांना सगळं सांगितलं.

"ग्रीस व्हतं?" ते थांबले.

"व्हय, आप्पा."

"हे म्हाईत असून तू शाल घेतलीस?"

 चूक झाली म्हणून ते रागावले असते तर तिला सोसलं असतं. ते पुढं चालू लागले.

सकाळी ती एकटीच आजीकडं गेली. आपलं चुकलं, असं सांगून तिनं शाल पुढं केली. आजीनं विचारलं,

"म्हंजी चांदण्यांत काजळी न्हाईच का?"

"हाय, आजी. मी दावली ती न्हवं."

आजीनं शाल ठेवून घेतली. गौतमीला वाटलं होतं, आजी ती परत घ्यायला नको म्हणेल.

सोमवारी तिनं सरांनाही सांगितलं आणि त्यांनी निबंध मागं घेतला. ते ओरडले नाहीत. फक्त यंत्राची किल्ली तिच्याकडून घेतली आणि दुसऱ्याला दिली. ती किल्ली परत मिळेपर्यंत पावसाळा सरला. आप्पांनी मात्र तिच्या कामाची चौकशी पुढं वर्षभर केली नाही, आणि तिनंही आपणहून विषय काढला नाही.